रुईला आवतण

हिरूच्या आईच्या तळव्यात बाभळीचा काटा खोल मोडला होता. पाय भोपळ्यासारखा सुजला. तिला उभंसुद्धा राहवेना, आणि त्या झोपडीत मायलेकी दोघीच.

"रुईचा चीक लावला की काटा वर येतो," आई कण्हत म्हणाली. "पण झाडाला आज आवतण द्यायचं, पान उद्या तोडायचं."

हिरू धावत माळावर पोचली, तोवर सूर्य बुडाला होता. तिचा हात पानाकडे गेला, मागे आला, पुन्हा गेला. तिकडे आई कण्हत असेल! पण दिवस मावळला की झाडं झोपतात. झोपलेल्याला कसं ओरबाडायचं? तिने आवतणासाठी मुठीत आणलेले तांदूळ बुंध्याशी ठेवले.

"रुईबाई, आईच्या काट्यासाठी उद्या एक पान द्याल ना?"

तोच जांभळ्या फुलात चमचम झालं. दवाची टिकली लावलेली इवलीशी परी पाकळीवर बसली होती.

"मला ओरबाडलं नाहीस, गुणाची गं! घे, एक इच्छा तुझ्या ओठांवर ठेवते. सकाळी पान घेऊन घरी पोचलीस की पुरी होईल. वाटेत मात्र बोलू नकोस. ज्याच्याशी बोलशील, त्याच्याकडे ती जाईल."

रात्रभर हिरू तळमळली. उजाडताच तिने पान खुडलं नि निघाली. वाटेत मोळीवाले धावजीकाका भेटले.

"काय गं हिरे, आई कशी आहे?"

हिरू गप्प.

"तोंडात मूग भरलेत का? मोठी आली शिष्ट!"

तिचे डोळे भरले. ओठ मिटून ती पुढे निघणार, इतक्यात काकांच्या अनवाणी पायापुढचा पाचोळा हलला.

"काका, फुरसं!"

काकांनी पाय मागे ओढला. विषारी फुरसं सरसरत झुडपात गेलं. हिरू मटकन खाली बसली. रडत रडत तिने सगळं सांगितलं. "गेली माझी इच्छा! आता आईचं कसं होणार?"

काकांनी मोळी खाली टाकली. "म्हणजे ती आता माझ्याकडे आहे? मग पोरी, तुझ्या आईचा काटा निघू दे!"

पान रुपेरी लखलखलं. ठेचकाळत, धापा टाकत हिरू घरी पोचली. मागोमाग काकाही आले. चिकाचा थेंब तळव्यावर पडला आणि काळा काटा अलगद वर आला.

दारात परी हसत होती. "जीव वाचवायला दिलेली इच्छा हरवत नाही गं, बाळे," ती म्हणाली. जांभळ्या-सोनेरी उजेडाने झोपडी भरून गेली आणि त्या उजेडातच ती विरली.

आई हळूच उठली, पाय टेकून पाहिला आणि पदर खोचत म्हणाली, "भावजी, बसा. चहा ठेवते."