परतीची तारीख

सुभेदार केशव भिलारे अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून गावी आले आणि बावन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी व्हायला निघाले. बर्फात पाय गमावलेल्या साथीदारांसाठी त्यांना कृत्रिम पाय बनवायला शिकायचं होतं. परदेशातल्या कॉलेजने वर्षभराच्या अभ्यासक्रमाला प्रवेश दिला. घोडं अडलं ते व्हिसाच्या खिडकीशी.

पलीकडचे साहेब दुभाष्यामार्फत खेकसले, "या वयात कसलं शिक्षण! एकदा गेलात की तिथंच राहाल. परत याल याला पुरावा काय?"

सुभेदारांनी पिशवीतून बिस्किटांचा जुना डबा काढला. त्यात फौजेतल्या सुट्टीच्या चिठ्ठ्या होत्या, हजर झाल्याच्या शिक्क्यांसकट. बायकोने, पारूबाईने, त्या जपल्या होत्या. ते सुट्टीवर आले की ती आधी म्हणायची, "परतीची तारीख वाचा बघू," आणि ऐकून मुकाट्याने चुलीकडे वळायची.

चिठ्ठ्या चाळून साहेब हसले. "तुम्ही वेळेवर नोकरीवर परतलात, एवढंच यात दिसतं. घरी परताल याचा पुरावा कुठाय?"

"साहेब, घरची ऊब सोडून मी बर्फात, गोळ्यांसमोर परत गेलो, तेही एक दिवस उशीर न करता. असा माणूस तुमच्या देशातून घरी यायला उशीर करील?"

दुभाष्याने सांगितलं. साहेबांनी चिठ्ठ्या नीट डब्यात ठेवल्या. मग दोन्ही हातांनी डबा परत देत म्हणाले, "सुभेदार, वर्षाची सुट्टी मंजूर."

व्हिसा हातात आला तेव्हा पारूबाई सवयीने म्हणाली, "परतीची तारीख वाचा बघू."

सुभेदारांनी वाचली. आयुष्यात पहिल्यांदाच ती तारीख घरी येण्याची होती.