ठकू बुरडिणीची नळी

निवघरला अजून गाडीवाट नव्हती, मीठसुद्धा बैलाच्या पाठीवरून घाट चढून यायचं, आणि रोगराई तेवढी न बोलावता यायची, त्या काळची ही गोष्ट. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे, बुरडाचं एकच घर होतं. त्या घरात ठकू राहायची. नवरा लवकर गेला, पण हातात कसब होतं. तिनं विणलेल्या सुपातून दाणाच काय, दाण्याची सावलीसुद्धा निसटत नसे, असं म्हणतात.

निवघरातलं एकही लग्न ठकूच्या सुपाशिवाय लागत नव्हतं. बाळंतिणीच्या पोराला निजवायला तिचीच दुरडी लागायची. सूप चालायचं, दुरडी चालायची, तिच्या हातचं पाणी मात्र कुणाला चालत नव्हतं. गावच्या आडावर पाय ठेवायची तिला बंदी होती. उन्हाळ्यात ओढा आटला की ती आडापाशी घागर ठेवायची आणि लांब जाऊन उभी राहायची. कुणाला दया आली तर घागर भरायची. नाही आली तर ठकू तशीच उभी.

तिला एक मुलगा होता, सुभाना. त्याचा कान फुटला. पोरांचे कान फुटायचेच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग कानाच्या मागं टेंगूळ आलं, अंग तापलं, पोर बरळायला लागलं. ठकूनं त्याला पाठुंगळी घेतलं आणि भगताच्या दारी नेलं. भगत ओट्यावर बसूनच राहिला. त्यानं लांबून बघितलं, लांबूनच अंगारा फेकला. अंगारा वाऱ्यानं उडाला. सुभाना गेला.

ठकू किती रडली ते ओढ्याला माहीत. पण रडून झाल्यावर एकच गोष्ट तिच्या मनात काट्यासारखी राहिली. "माझ्या लेकराच्या कानात कुणी डोकावलंसुदिक न्हाई."

ती डोंगरावर गेली. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बेटातून करंगळीहून बारीक पोकळ कांडी तोडून आणली. घासून घासून इतकी गुळगुळीत केली की माशी बसली तर घसरावी. पितळेची एक ताटली चिंचेनं लख्ख केली. मग सकाळच्या उन्हात बसून ती कानात बघायला लागली. आधी शेळीच्या, मग कुत्र्याच्या, मग ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशा माणसांच्या. ताटलीतून ऊन कानात सोडायची आणि कांडीतून बघायची. सूर्य आकाशातून उतरून तिच्या ताटलीत येऊन बसायचा, असं म्हणतात. आणि कानात काय दिसतं, हे निवघरात पहिल्यांदा कुणीतरी बघत होतं.

तेव्हा केरबा नावाचा एक गुराखी होता. एके दिवशी रानातून आला तो किंचाळतच. डोकं दगडावर आपटायला लागला. माणसं म्हणाली, झपाटलंय. त्याला खांबाला बांधलं, मिरच्यांची धुरी दिली. केरबा तरी ओरडतोच आहे, "आत कोन तरी चालतंय! आत कोन तरी नांगर धरतंय!" ठकू आली. कुणाला काही न विचारता तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, करंजाचं तेल कोमट केलं आणि कानात ओतलं. केरबा थरथरला आणि गप्प झाला. मग तिनं बांबूच्या चिमट्यानं मेलेली गोचीड बाहेर काढली. सांगणारे सांगतात की ती आवळ्याएवढी होती. तेवढी नसेल. पण ज्याच्या कानात असते त्याला ती डोंगराएवढीच वाटते.

ठकूचं नाव झालं, तसं ते पाटलांच्या चौकटीपर्यंत गेलं. पाटलांचा थोरला मुलगा शिदोजी, त्याची बायको मैना, आणि त्यांची चार वर्षांची लेक अंबू. अंबूच्या एका नाकपुडीतून पू यायचा. वास असा की आजीसुद्धा नातीला मांडीवर घेईना. कुणी म्हणालं देवीचा कोप, कुणी म्हणालं नाक सडलं, पोरगी आता परक्या घरी कशी द्यायची. शेवटी ठकूला बोलावणं गेलं. तिला अंगणातच थांबवलं. पोरीला शिवायचं नाही, अशी सासऱ्यांची आज्ञा.

ठकूनं अंगणातूनच ताटलीचं ऊन पोरीच्या नाकात सोडलं आणि हसली.

"वैनीसाब, कोप न्हाई नि काय न्हाई. एकाच नाकपुडीतनं घाण येती म्हंजी पोरीनं कायतरी कोंबलंय."

"मग काढ की."

"मला शिवायचं न्हाई ना! तुमीच काढा. लेकीच्या तोंडावर तोंड ठेवा. चांगली नाकपुडी बोटानं दाबा. आन् एकदम फुंका."

मैना लाजली, घाबरली, पण तिनं फुंकलं. नाकातून कुजून फुगलेला चिंचोका टपकन अंगणात पडला. त्या चिंचोक्यातून पुढं झाड उगवलं आणि त्याच्या चिंचा कधी आंबल्या नाहीत, असं म्हणतात. पाटलांनी ठकूला लुगडं दिलं. ते तिच्या हातात दिलं नाही, अंगणात ठेवलं. ती ते उचलून घरी गेली, आणि ती उभी होती त्या जागी सडा घातला गेला.

मग एका वर्षी थंडी सरता सरता घटसर्प आला.

पोरांचा घसा आधी लाल व्हायचा. मग घशात दुधावरच्या सायीसारखं करडं पांढरं काही तरी धरायचं, आणि ती साय वाढत वाढत श्वासाची वाट बुजवायची. ठकू घरोघर अंगणात उभी राहून सांगत होती, "पोरांना उन्हात आणा, तोंड उघडून घसा बघा. ज्याच्या घशात साय दिसंल त्याला एगळं निजवा. त्याचा तांब्या दुसऱ्याला देऊ नका." कुणी ऐकलं, पुष्कळांनी ऐकलं नाही. बुरडिणीनं पाण्याचं सांगावं, ही गावाला थट्टा वाटली.

अंबूला घटसर्पानं धरलं. भर दुपारी पाटलांचा गडी ओढा ओलांडून धावत आला. ठकू गेली तेव्हा पोरीचे ओठ जांभळे झाले होते. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. या वेळी तिला कुणी अंगणात थांबवलं नाही.

ठकूनं एकदा खाटकाकडं बकरं कापताना बघितलं होतं. गळा चिरल्यावरही चिरलेल्या नळीतून वारा येत होता, रक्ताचे बुडबुडे उठत होते. तेव्हाच तिच्या मनात आलं होतं की श्वासाला तोंडाचीच वाट लागते असं नाही.

"गळा उघडावा लागंल," ती म्हणाली.

शिदोजीनं कमरेच्या कट्यारीला हात घातला. "पोर मेली, तर तू जिवंत ओढा ओलांडणार नाहीस."

"आत्ता मरतीयाच की ती, धनी. डोकं घट्ट धरा तिचं."

मैना म्हणाली, "मावशी, कर तू." त्या घरात ठकूला मावशी म्हणायची ती पहिलीच वेळ.

ठकूनं बांबू चिरायची पातळ सुरी उकळत्या पाण्यात धरली. पोरीच्या मानेखाली उशी सारली. गळ्याखालच्या दोन हाडांच्या, हसळ्यांच्या, मधे जो खळगा असतो, त्याच्या वर बोटानं चाचपून तिनं नळीच्या कड्या मोजल्या आणि सुरी टेकवली. रक्त आलं. मग शिट्टीसारखा आवाज आला. तिनं त्या फटीत कळकाची कांडी बसवली. पण कांडी गच्च झाली, आतली साय येऊन अडकली. पोर पुन्हा निळी पडली. तेव्हा ठकूनं कांडीला तोंड लावलं आणि ओढलं. साय थुंकली, पुन्हा ओढलं, पुन्हा थुंकली. अंबूची छाती वर आली आणि खाली गेली. घरभर त्या कांडीचा आवाज घुमला. देवघरातल्या समया आपोआप लागल्या, असं म्हणतात. त्या लागल्या की नाही, कोण जाणे. पोर जगली, एवढं खरं.

शिदोजी ओक्साबोक्शी रडला. "ठके, माग. काय मागशील ते."

ठकूनं चूळ भरली. तिला माहीत होतं तिनं तोंडात काय ओढून घेतलंय.

"धनी, मला लुगडं नको. उद्या मला झालं, तर माझ्यासाठी हात उचला." तिनं शिदोजीचं बोट धरलं आणि त्याच्याच गळ्यावर नेमक्या जागी टेकवलं. "हितं. याच्या खाली न्हाई, बाजूला न्हाई. हितंच."

"शब्द दिला," शिदोजी म्हणाला.

त्यानंतर तिला घरोघर बोलावणी आली. तिनं कितीक गळे उघडले. काही पोरं जगली, काही तिच्या मांडीवर गेली. जी जगली ती देवीनं वाचवली, आणि जी गेली ती ठकूनं मारली, असं गाव बोलायला लागलं. कुणी म्हणालं, हीच घरोघर घटसर्प घेऊन फिरते. ती बाहेर पडली की मागं गोमूत्र शिंपडायला लागले. तरी पोर घरघरलं की पुन्हा तिच्याच दाराशी माणूस धावायचा.

आणि एका सकाळी ठकूला गिळवेना. तिनं ताटली उन्हाला धरली, घागरीतल्या पाण्यात वाकून आपला घसा बघितला. साय धरली होती.

ती रडली नाही. तिनं सुरी उकळली. नवी कांडी तोडून गुळगुळीत केली. चुलीतला कोळसा घेतला आणि बोटानं चाचपून आपल्या गळ्यावर नेमक्या जागी काळा ठिपका काढला, म्हणजे शिदोजीला शोधावं लागू नये. मग ओढा ओलांडून चालत पाटलांच्या वाड्यासमोर आली आणि पाराखाली बसली. दिवसाढवळ्या बसली. सगळं गाव जमलं.

शिदोजी बाहेर आला. ठकूचा आवाज गेला होता. तिनं सुरी मुठीच्या बाजूनं त्याच्यापुढं धरली आणि ठिपक्यावर बोट ठेवलं.

शिदोजीनं रानडुकरं मारली होती. त्याचा हात कधी चुकला नव्हता. तो सुरीकडं बघत राहिला. मग बापाकडं बघितलं.

थोरले पाटील म्हणाले, "बाईमाणूस. त्यात बुरडीण. हातातच मेली तर म्हणतील पाटलानं भर चौकात गळा कापला."

"आबा, मी शब्द दिलाय."

"दिलाय तर मग कर. अन् उद्यापासून ह्याच बाटलेल्या हातानं देवाला फूल वाहा."

शिदोजीनं हात मागं घेतला. ठकूनं सुरी केरबापुढं धरली. केरबानं मान खाली घातली. ज्यांची पोरं तिनं वाचवली होती ते बाप तिथंच उभे होते. एकेकापुढं तिनं सुरी धरली. एकेक जण शेजाऱ्याकडं बघत गेला. आतून वाड्याच्या दारावर मैना धडका देत होती, "सोडा मला, मी करते! मला ठाऊक आहे कुठं ते!" पण दाराला बाहेरून कडी होती, आणि कडी काढायलाही कुणाचा हात उठला नाही.

शेवटी ठकूनं सुरी स्वतःच्या गळ्याला लावली. कुणी म्हणतं, तोवर तिच्या बोटांत जोर उरला नव्हता आणि सुरी मांडीवर पडली. कुणी म्हणतं, तिनं गळा उघडला, आणि तिच्यातून जो वारा सुटला तो डोंगर चढून कळकाच्या बेटात शिरला. म्हणून तिथं झाडाचं पान हलत नसतानाही घरघर ऐकू येते. असं म्हणतात. त्या वेळी तिला घोटभर पाणी कुणी दिलं का, ते मात्र कुणीच म्हणत नाही.

अंबू मोठी झाली. गळ्यात खड्डा राहिला, आवाज कायमचा घोगरा झाला, आणि गळा चिरलेली पोरगी म्हणून तिला कुणी मागणी घातली नाही. तिनं पारापाशी एक दगड मांडला आणि त्यावर कळकाची कांडी वाहिली. बापानं विरोध केला नाही. तो त्या पाराकडं पाठ करून बसायचा. अंबू गेल्यावर गावानं दगडाला शेंदूर लावला, वर घुमटी बांधली आणि नाव ठेवलं ठकूआई.

अजूनही दर वर्षी थंडी सरता सरता निवघरात ठकूआईचा दिवस पाळतात. सकाळच्या उन्हात आया आपापल्या पोरांना घुमटीपुढं उभं करतात, पोरं तोंड उघडून 'आ' करतात, आणि आया घसा बघतात, कान बघतात, नाक बघतात. पहिल्या पूजेचा मान पाटलांच्या घराला आहे. वाहायच्या कांड्या ओढ्यापलीकडची बुरूड माणसं आणून देतात. त्या खालच्या पायरीवर ठेवायच्या.

शेवटी ताटात सुरी ठेवून ते ताट गावातल्या सगळ्या पुरुषांपुढून फिरवतात. प्रत्येकानं मुठीला बोट लावायचं, ते बोट कपाळाला लावायचं आणि ताट शेजाऱ्याकडं सरकवायचं. सुरी उचलायची नाही. तसा रिवाज आहे.