बासनावरची चिठ्ठी

"नुसतं भिंगाचं चित्र पुरे नाही का, बुवा? जगभर लोकांना कळतं. शेजारी 'पोथी शोधा' कशाला लिहायचं? उगाच चौकटीची शोभा जाते."

तन्मय मठाच्या पोथीशाळेची वेबसाइट करत होता. नऊशे पोथ्यांची यादी, आणि ती धुंडाळायला एक चौकट. शहरातल्या मोठ्या कंपनीत काम करून आलेला, त्यामुळे मत विचारतोय असं दाखवून तो मत सांगत असे.

दामोदरबुवा एक पोथी कापडी बासनात बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मथूताईंना कळेल?"

मथूताई पेंढारकर ओसरीवर बसल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या आणि त्यांची दृष्टी गेली. त्यांच्या वडिलांनी हाताने उतरवलेली एक पोथी याच मठात होती. डोळे गेले तरी हात आहेत, तिच्यावरून एकदा हात फिरवायचा, हा त्यांचा हट्ट. अट एकच... शोधीन तर मी स्वतः. लोकांच्या कीव करण्याला त्या कंटाळल्या होत्या.

"त्यांना कुणीतरी शोधून देईल," तन्मय हळू आवाजात म्हणाला. "असे येऊन येऊन येणार किती?"

बुवा उठले. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी लॅपटॉपच्या पडद्यावर टाकलं, आणि पडदा वाचून दाखवणारा आवाज चालू करायला लावला.

"शोध. एकादशी माहात्म्य."

तन्मय हसला. हा तर त्याच्या हातचा मळ. त्याने टॅब दाबलं.

"लिहिण्याची जागा, रिकामी," आवाज म्हणाला.

त्याने झरझर पोथीचं नाव टाइप केलं, एंटर दाबलं.

"ईमेल पत्ता चुकीचा आहे."

ओसरीवर मथूताई फसकन हसल्या. ही चौकट मठाचं मासिक मागवायची होती. कान लाल झालेल्या तन्मयने पुन्हा टॅब दाबलं.

"लिहिण्याची जागा, रिकामी."

हीच असणार. नाव लिहिलं. एंटर...

काही नाही.

भिंगापाशी जावं म्हणून पुन्हा टॅब दाबलं, तर आवाज थेट पानाच्या तळाशी पोचला. भिंग नुसतं चित्र होतं, माउसनेच दाबता येणारं. बटण त्याने केलंच नव्हतं.

"पण पडद्यावर दिसत होतं हो..."

 बुवांनी मघाचं बासन, वर नावाची चिठ्ठी लावलेलं, त्याच्यापुढे सरकवलं. या पोथीशाळेचा दंडक आहे, पोथी बांधणाऱ्याने वर नावाची चिठ्ठी लावल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. आत सोन्याची अक्षरं असली तरी चिठ्ठीवाचून ती पोथी हरवलीच म्हणायची.

तन्मयने त्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त ईर्षा चढली.

"आता मीही उठत नाही," तो म्हणाला.

त्याने दोन्ही चौकटींना नावं दिली. नुसती शेजारी लिहिली नाहीत, कोडमध्ये ज्याची त्याला बांधली. भिंगाच्या जागी खरंखुरं बटण आणलं. चौकट आणि बटण एकाच फॉर्ममध्ये ठेवलं, म्हणजे एंटर दाबलं तरी काम व्हावं. दर बदलानंतर पडदा झाकून स्वतः शोधून पाहिलं. जेवणाची हाक आली, गेला नाही.

उन्हं कलली तेव्हा मथूताई लॅपटॉपसमोर येऊन बसल्या.

"पोथी शोधा, लिहिण्याची जागा, रिकामी."

त्यांनी वडिलांचं नाव एकेक अक्षर चाचपत लिहिलं आणि टॅब दाबलं.

"शोधा, बटण."

क्षणभर त्यांचं बोट थांबलं. मग दाबलं.

"एक पोथी सापडली. क्रमांक चारशे सात."

त्या उठल्या. भिंतीला हात लावत पोथीशाळेत गेल्या. कपाटं सांभाळणाऱ्याला सांगतानाचा त्यांचा ठाम आवाज बाहेर ऐकू आला. "चारशे सात काढा हो. माझ्या वडिलांची आहे."

तन्मय तिकडे बघतच राहिला.

"बुवा, त्या माझ्याशी एक शब्दसुद्धा बोलल्या नाहीत..."

बुवांनी पुढची पोथी बांधायला घेतली.

"उघड्या दारातून आत जाताना दाराशी कोण बोलतं रे?"