थांबलेली हातोडी

"ऐका हो ऐका! आजपासून कुणाही मुलीनं एकटीनं उंबरठा ओलांडायचा नाही होऽ!" दवंडी पिटली गेली आणि मदनगडच्या साऱ्या पोरी घरात कोंडल्या गेल्या!

कारण काय, तर आठवडी बाजारात टवाळ पोरं मुलींच्या वेण्या ओढत, वाट अडवत. मुलींनी कोतवाल हैबतरावांकडे तक्रार केली. आता त्या टोळक्याचा म्होरक्या कोतवालांचाच भाचा! त्याला धरायचं म्हणजे बहिणीच्या शिव्या खायच्या. त्यापेक्षा मुली कोंडलेल्या बऱ्या, असं ठरवून त्यांनी राजाचे कान भरले. भैरवसेन राजा हट्टीही होता आणि आळशीही. "मुलीच नाहीत तर तक्रार कुठली? वा!" म्हणत त्यानं हुकमावर शिक्का उमटवला.

तांबट आळीत नारू तांबटाची पोर होती, मंजुळा. वय चौदा-पंधरा. नाव मंजुळा, पण बोलणं हातोडीचं! बापाचा हात धरून ती थेट दरबारात गेली.

"महाराज, हे तर चोर सोडून संन्याशाला फाशी! वेण्या ओढणारे मोकळे आणि वेण्यावाल्या कोंडलेल्या?"

राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पोरींना अक्कल असते का? कुणी गोड बोललं की भुलल्या! घरात आहात म्हणून सुखरूप आहात."

"घरात सुखरूप? कुणी सांगितलं?"

"मला उलट विचारतेस? उद्या आईबापांना बाजारात पाठव आणि घरी एकटी राहा! सूर्य मावळायच्या आत तुझ्याच हातानं दार उघडायला लावतो. उघडलंस, तर हुकूम कायमचा. नाही उघडलंस, तर रद्द!"

नारू तांबटाला घाम फुटला. राजासमोर उघडलं नाही असं दार अख्ख्या राज्यात नव्हतं. कोतवाल मात्र मिशीत हसत होते.

दुसऱ्या दिवशी मंजुळानं आतून कडी लावली, दारालगत बसली आणि नव्या घंगाळावर ठोके घालू लागली. ठण्, ठण्, ठण्! साऱ्या आळीत हाच आवाज. शेजारणीला हाक मारायची तरी घसा फोडावा लागे.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली. "पोरी, धाव! तुझ्या बापाला बैलानं शिंगावर घेतलं! मी त्याचा जिवाभावाचा मित्र. चल माझ्याबरोबर!"

मंजुळाचा हात थांबला नाही. "काका, बाबांनी निरोप धाडला असेल तर आमचा घरचा खुणेचा शब्दही सांगितला असेल. तो काय?"

"शब्द? अं... रामराम!"

"रामराम काका! या आता!"

मग पेढेवाला आला. "राजेसाहेबांनी खास पाठवलेत. ताट आत घे."

"उंबऱ्यावर ठेवा. दारातला मोत्या आधी खाऊन बघेल."

ऊन उतरायला लागलं तसा राजाचा धीर सुटला. साधा अंगरखा, डोक्याला मुंडासं, अशा वेशात तो स्वतःच आळीत आला. कोतवाल समोरच्या वडामागे लपले.

"दार उघड! मी राजा आहे. फटीतून बघ ही मुद्रेची अंगठी!"

"अंगठी घातली म्हणून राजा होतो, तर सोनाराच्या दुकानात राजेच राजे असतील!"

राजा खवळला. "आता दारच फोडतो! ओरड हवी तेवढी! या ठणठणाटात तुझं ऐकणार कोण?"

मंजुळा ओरडली नाही. तिनं फक्त हातोडी खाली ठेवली.

शेजारच्या घरातली हातोडी थांबली. मग पलीकडची, मग समोरची. बघता बघता आळी चिडीचूप झाली! घराघरांतून माणसं बाहेर आली, हातोड्यांसकट. सगळ्यांत पुढे शेजारची पारूकाकू. तिनं राजाचं मुंडासं धरून त्याला खाली बसवलं.

"अगं बाई, सोड! मी राजा आहे!"

"हो का? मग मी राजमाता! बस गप!"

कोतवाल वडामागून धावत आले. "अहो, सोडा! खरंच महाराज आहेत!"

आतून आवाज आला, "कोतवालसाहेब, आज न बोलावता आलात! बाजारात आम्ही इतक्या हाका मारल्या, तेव्हा कानांत बोळे होते का?"

आळी खदखदून हसली. पारूकाकूनं जीभ चावून मुंडासं सोडलं. राजा मात्र अजून गोंधळलेला होता. "पण पोर तर ओरडलीच नाही! तुम्हाला कळलं कसं?"

"महाराज," पारूकाकू म्हणाली, "आमच्यात पाणी प्यायला उठायचं झालं तरी दोन ठोके सावकाश देऊन मग थांबतात. हातोडी मध्येच गप्प झाली, म्हणजे हात भाजला नाहीतर घात झाला! सगळ्यांनी उठायचं."

राजा दाराकडे वळला. "म्हणजे पोरी, तुला कडीनं नाही, आळीनं राखलं!"

"तेच तर सांगत होते! दार फोडायची धमकी मला बाजारात नाही, घरात मिळाली. तीही कुणाकडून, ते आता मी काय बोलू! बाजारातल्या लोकांनी अशी हातातली हातोडी खाली ठेवली असती, तर कोतवालांच्या भाच्याची काय बिशाद होती?"

"भाचा? कोतवालांचा?" राजानं डोळे वटारले. हैबतराव जमिनीवरच्या मुंग्या मोजू लागले.

राजा आधी लाल झाला. मग त्याच्या मिशा थरथरल्या आणि तो पोट धरून हसत सुटला. "हुकूम रद्द! यापुढे बाजाराच्या दिवशी कोतवालांचा भाचाच घरात कोंडायचा, आणि दारावर पहारा स्वतः कोतवालांनी द्यायचा. बाजारात पोरीची हाक आली, की प्रत्येकानं हातातलं काम टाकून उठायचं. पिटा दवंडी! आणि मंजुळा, तुला भुलवायला आणलेली चांदीच्या दांड्याची ही हातोडी आता तुला बक्षीस. जिंकलीस! उघड दार, घे!"

आळीतल्या साऱ्या माना दाराकडे वळल्या. कडी काही वाजली नाही.

"पारूकाकूंकडे द्या, महाराज! सूर्य अजून मावळायचाय!"