पूजा पुन्हा करा

एकदा एका बाजारगावात एक वृद्ध उस्ताद राहत असे. मोटारसायकली दुरुस्त करण्यात त्याची हयात गेलेली. खंडू नावाचा शिष्य त्याच्या हाताखाली तयार झाला होता आणि आता त्याला पाडव्याला स्वतःचे दुकान उघडायचे होते. पण उस्तादाने 'जा' म्हटल्याशिवाय गावात कुणी त्याच्या हाती गाडी देणार नाही, हे तो जाणून होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मसाल्याच्या एका व्यापाऱ्याचा निरोप आला. बाजाराला निघायचे होते आणि गाडी सेल्फ घेत नव्हती. त्या गाडीला किकही नव्हती.

उस्ताद म्हणाला, "खंडू, ही गाडी तुझी. मी नुसता बसणार. पाडव्याचं हिच्यावरून ठरवू."

व्यापाऱ्याच्या अंगणात खंडूने क्लच धरून बटण दाबले. टक्क आवाजही नाही. त्याने बॅटरीची टोके घासली, तारा आवळल्या, सोबत आणलेली चांगली बॅटरी लावून पाहिली. गाडी मुकीच. शेवटी स्टार्टर मोटर खोलण्यासाठी त्याने पाना काढला.

पोती बांधून उभा असलेला व्यापारी म्हणाला, "काय रे, बाजार उठायच्या आत होईल ना? का इथंच मांडू मिरची?"

खंडूने घाईने पाना बोल्टला लावला. इतक्यात उस्ताद म्हणाला, "पाना खाली ठेव." मग त्याने घरात हाक मारली, "वहिनी, काल गाडीची पूजा तुम्ही केलीत ना? पुन्हा करा. रिकाम्या हातांनी. काल केलीत अगदी तशीच."

व्यापारी हसला. "उस्ताद, आता मंत्रानं चालू करता होय?"

"शेठ, तुम्ही तुमची पोती बघा."

खंडूला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पदराला हात पुसत वहिनी आल्या. रिकाम्या हातांनीच त्यांनी गाडी पुसली, हळदकुंकू वाहिले, माळ घातली. मग हँडलच्या डाव्या मुठीशी वाकून त्या हवेतच काही गुंडाळू लागल्या. "मागच्या साली लिंबू-मिरची वाटेतच पडली. म्हणून यंदा चांगले वेढे देऊन आवळली."

खंडू पुढे सरकला. क्लचच्या मुळाशी काळा दोरा होता आणि त्या दोऱ्याखाली एक बारीकसे बटण दबून गेले होते. क्लच धरला की ते सुटावे आणि मग सेल्फला वाट मिळावी, अशी त्या गाडीची रचना. दोरा ते सुटूच देत नव्हता.

"कापू नका हं," वहिनी म्हणाल्या. "सणानंतरचा पहिला बाजार आहे."

खंडूने नखांनी गाठ सोडवली आणि दोरा आरशाच्या दांड्याला बांधला. क्लच धरून बटण दाबताच गाडी सुरू झाली. पोती लादून व्यापारी निघून गेला.

"उस्ताद, तुम्ही कसं ओळखलंत?" खंडूने विचारले.

"ओळखलं नव्हतं. काल गाडी चालत होती, आज मुकी झाली. मध्ये झाली ती फक्त पूजा. धडधाकट यंत्र रातोरात बहुधा आपण होऊन बिघडत नाही. कुणाचा तरी हात लागलेला असतो. आणि 'काय केलंत?' असं विचारलं तर माणूस म्हणतो, काही नाही. तो खोटं बोलत नाही. पुसणं, बांधणं हे त्याच्या लेखी करणंच नसतं. म्हणून त्याला करायला लावावं. तोंड विसरतं ते हाताला आठवतं. तुझा पाना चांगला चालतो, खंडू. पण आल्यापासून तू या घरात कुणाशी बोलला नाहीस."

खंडूने पाना पिशवीत टाकला. पाडव्याचे विचारायचा त्याला धीर होईना.

तेवढ्यात शेजारचा एक म्हातारा स्कूटर ढकलत आला. "आलाच आहात तर हिच्याकडेही बघा. सेल्फ घेत नाही."

खंडूचा हात पिशवीकडे गेला, पण तिथेच थांबला. त्याने ओट्यावरचे स्टूल म्हाताऱ्यापुढे ठेवले. "बसा आजोबा. शेवटची चालली कधी? आणि तेव्हापासून घरात हिला कुणाकुणाचा हात लागला?"

उस्ताद उठला. टोपी सारखी करत म्हणाला, "दुकानाचा नारळ मी फोडीन," आणि मागे न पाहता चालू लागला.