रोलर फिरवलेली माती

"मग आशीर्वाद द्यायला अडतंय कुठं, वस्ताद?"

विचारणारा देशाचा राष्ट्राध्यक्ष होता, रणधीर. एके काळी याच तालमीत गैबी वस्तादांच्या हाताखाली त्यानं लंगोट कसला होता. निवडणूक तोंडावर आली होती. भर सभेत वस्तादांचा हात आपल्या डोक्यावर दिसावा, एवढंच त्याला हवं होतं.

वस्ताद थंडाई घोटत बसले होते. घोटतच राहिले...

मग रणधीरनं सगळं ऐकवलं. मोर्चे नाहीत, संप नाहीत, वर्तमानपत्रं शहाण्यासारखी वागताहेत. उत्तरेच्या शेजाऱ्याला नदीचं पाणी जास्त सोडलं, तो खूश. दक्षिणेच्या शेजाऱ्यानं आश्रयाला गेलेले टीकाकार बांधून परत पाठवले. विरोधात उभा राहिला तो एकटा शिरपा. तोही याच तालमीतला, रणधीरचा जोडीदार. तो आता तुरुंगात होता आणि कधी सुटेल हे त्याच्या आईलाही कुणी सांगत नव्हतं.

"पान हलत नाही, वस्ताद. असं स्थैर्य कधी पाहिलं होतं?"

"न्हाई बाबा."

म्हातारा खुशीत होता. पोरगं कितीही मोठं झालं, तरी घरी आलं की बरंच वाटतं.

त्यांनी थंडाईचा पेला त्याच्या हातात दिला, त्यानं तो रिकामा करेपर्यंत थांबले, आणि त्याला आखाड्याकडे घेऊन गेले.

पाहुणा यायचा म्हणून शिपायांनी तालीम बंद ठेवली होती. साहेबांचे पाय मातीत रुतू नयेत म्हणून आखाड्यावर रोलरही फिरवला होता. एवढी अक्कल त्यांनी आपणहून चालवली होती. लाल माती कशी सपाट, गुळगुळीत दिसत होती. रणधीरला ती फार आवडली.

"बूट काढ. मधे जाऊन हुबा ऱ्हा."

तो उभा राहिला. पाऊल तसूभरही रुतलं नाही.

"डळमळतंय काय?"

"अजिबात नाही."

"आता पड."

रणधीर हसला. वस्तादही हसले, पण वाट बघत राहिले...

तो गुडघ्यांवर बसला. तळहातानं माती दाबून पाहिली. फरशीसारखी टणक झाली होती.

इथंच शिरपानं त्याला पहिल्यांदा उचलून आपटलं होतं, आणि तो हसत उठला होता. त्या पहाटे दोघांनी मिळून माती उकरली होती, ताक-तेल घालून मऊ केली होती.

त्यानं नखानं माती खरवडून पाहिली. ओरखडाही उठला नाही.

"शिरपाला सोडलं, तर मी पडेन, वस्ताद."

वस्तादांनी कोपऱ्यातलं खोरं आणलं आणि त्याच्या हातात दिलं.

"म्हणून तर माती उकरायची असती, लेकरा."