तळ्याचं सोवळं

माळावरच्या बाभळीसुद्धा पाणी मागायला लाजत, त्या काळची गोष्ट. तिथे एक शेततळं होतं आणि त्याला आपल्या नितळ पाण्याचा भारी तोरा होता. एकदा मालकीण कोंडाबाईने त्यात रोहू मासे सोडले आणि दुसऱ्याच दिवशी तळं खवळलं.

"राहता तिथेच घाण करता?"

"तुम्हीच सांगा, कुठे जाऊ? बाहेर माळ आहे," थोरला रोहू म्हणाला.

तळं फुगून बसलं. तीन महिन्यांनी ते आपलंच पाणी पिणाऱ्या वांग्यांना म्हणालं, "उद्या या घाणेरड्यांना बगळ्याच्या हवाली करतो. मग तुम्हाला पुन्हा सोवळं पाणी मिळेल."

वांग्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतलं जुनं झाड म्हणालं, "तळेबुवा, तुमच्या सोवळ्या पाण्यावर आम्हाला गोट्यांएवढी वांगी धरायची. यंदा ती मुठीत मावत नाहीत. सोवळं तुमचं तुम्ही पाळा, आम्हाला ती घाणच पाठवा. मासे गेले की पुन्हा गोट्या. आणि गोट्यांसाठी कोंडाबाई तळं राखेल, असं वाटतं तुम्हाला?"

हल्ली रोज सकाळी तळं थोरल्या रोहूला हळूच विचारतं, "काय हो, पोट साफ झालं ना?"